नुसती जवळीक का पुरत नाही: पूर्वग्रह कमी होण्यामागचे मानसशास्त्र

माणसे एकमेकांच्या जवळ राहिली, एकमेकांना रोज पाहू लागली की त्यांच्या मनातील अढी आपोआप निवळते, असे आपण सहज धरून चालतो. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावाची रचना डोळ्यांसमोर आणली तर हा समज टिकत नाही. गावठाण आणि गावाबाहेरची वस्ती यांच्यात अंतर हाकेचे असे. एकाच्या शेतात दुसरा राबे, एकाच्या लग्नात दुसरा हलगी वाजवी, आणि तरीही पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, स्मशानही वेगळे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात, डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घ्यावी लागली, कारण शेकडो वर्षांच्या शेजाराने अस्पृश्यता पुसली नव्हती. उलट कोणी कोठे उभे राहायचे आणि कोणी कोणाला शिवायचे नाही, हे तो शेजारच रोज नव्याने गिरवून घेत होता.

म्हणजे प्रश्न जवळ येण्याचा नसून कोणत्या नात्याने जवळ येतो, याचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली. त्या काळात अमेरिकेत काळे आणि गोरे यांना एकाच वसाहतीत घरे देण्याचे काही प्रयोग झाले होते आणि तेथील शेजाऱ्यांची मते, वंशानुसार वेगळ्या ठेवलेल्या वसाहतींतील लोकांपेक्षा निवळलेली आढळली होती. दुसरीकडे, दक्षिणेकडील राज्यांत काळे नोकर गोऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत असूनही तेथला वंशद्वेष कमी झालेला नव्हता. ऑलपोर्ट यांच्या मते संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचा असेल, तर भेटीच्या त्या जागेपुरता तरी दोघांचा दर्जा समान हवा, दोघांना मिळून गाठायचे काही उद्दिष्ट हवे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये, आणि कायदा, संस्था किंवा वडीलधारे यांनी या एकत्र येण्याला उघड पाठबळ द्यायला हवे. या विचाराला संपर्क-सिद्धान्त असे म्हणतात. पुढे थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली जगभरातील ५१५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा संपर्क वाढला की पूर्वग्रह सरासरीने घटतो, असेच दिसले. चारही अटी पूर्ण नसतानाही काही परिणाम होतो. त्या असतील तर तो वाढतो.

आपपरभाव किती थोड्या कारणाने जन्माला येतो, हेही आधी लक्षात घ्यायला हवे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना काही चित्रे दाखवून सांगण्यात आले की तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडतात किंवा कँडिन्स्कीची आवडतात, आणि त्यावरून त्यांचे दोन गट पाडले. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही केलेली होती. मुले एकमेकांशी बोलली नाहीत, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना कळले नाही, त्यांच्यात पूर्वीचे भांडण नव्हते आणि स्वतःच्या पदरात काही पडणारही नव्हते. तरीही इतरांना पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटातल्या अनोळखी मुलाला झुकते माप दिले. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी की, दुसऱ्या गटापेक्षा आपला गट वरचढ राहावा म्हणून काहींनी आपल्याच गटाला एकूण कमी पैसे मिळतील असा पर्याय निवडला. जेथे चित्रांच्या आवडीनिवडीवरून एवढे घडते, तेथे जन्मापासून कानावर पडणाऱ्या जात-धर्माच्या गोष्टींचे वजन किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याच देशातील दोन प्रयोगांकडे जरा थांबून पाहू, कारण परदेशी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांपेक्षा ते मला अधिक बोलके वाटतात.

दिल्लीतील ज्या खासगी शाळांना सरकारकडून सवलतीत जमीन मिळाली होती, त्यांना २००७ पासून काही जागा गरीब घरांतील मुलांसाठी राखून ठेवण्याचे बंधन आले. या मुलांकडून फी घ्यायची नव्हती आणि त्यांना वेगळ्या वर्गात न बसवता इतरांबरोबरच शिकवायचे होते. प्रवेश खालच्या वर्गापासून सुरू झाल्यामुळे एकाच शाळेत काही इयत्तांमध्ये गरीब वर्गमित्र होते आणि त्यांच्या लगेच वरच्या इयत्तांमध्ये नव्हते. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी हा फरक हेरला. काही शाळांमध्ये मुलांचे अभ्यासगट त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनुसार पाडलेले होते. म्हणजे एखाद्या श्रीमंत मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे पालकांच्या पसंतीवर नव्हे तर वर्णमालेवर ठरत होते. अशा योगायोगामुळे ‘मुळात सहृदय मुलेच गरिबांशी मैत्री करतात’ ही शंका उरत नाही.

राव यांनी मुलांना मते विचारली नाहीत, त्यांनी रिले शर्यत भरवली. श्रीमंत मुलांनी आधी इतरांना धावताना पाहायचे आणि मग आपला जोडीदार निवडायचा. पर्याय असे ठेवले होते की अनेकदा अधिक वेगाने धावणारा मुलगा सरकारी शाळेतला, गरीब घरचा असे आणि त्याच्याहून हळू धावणारा खासगी शाळेतला. शर्यतीनंतर जोडीदाराबरोबर काही वेळ खेळण्यात घालवावा लागेल, हेही आधीच सांगितलेले होते. बक्षिसाची रक्कम मोठी असली की बहुतेकांनी वेगवान मुलगाच निवडला, पण रक्कम लहान होताच हरलो तरी चालेल, पण जोडीदार आपल्यातलाच हवा, असे ठरवणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. आपल्या पूर्वग्रहासाठी माणूस पदरचे किती घालवायला तयार आहे, याचे इतके स्वच्छ मोजमाप क्वचितच पाहायला मिळते. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांच्यात मात्र हा भेदभाव स्पष्टपणे कमी आढळला. ही मुले पैसे वाटून देण्याच्या खेळातही अधिक उदार निघाली, आणि हे औदार्य गरीब मुलांपुरते नव्हते, तर इतर श्रीमंत मुलांशीही ती अधिक समानतेने वागली. पालकांना वाटणारी अभ्यासाची धास्ती बहुतांशी निराधार ठरली: हिंदी आणि गणितात फरक पडला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली.

दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशातील खेड्यांमधला. मॅट लो या संशोधकाने तेथे महिनाभर चालणारे क्रिकेटचे सामने भरवले आणि वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकून संघांत वाटले. काही संघ एकाच जातिगटाचे झाले, काही मिश्र झाले, आणि कोणाच्या वाट्याला कोणत्या जातीचे प्रतिस्पर्धी यावेत, हेही योगायोगावर सोडले. काही तरुणांना तुलनेसाठी सामन्यांबाहेर ठेवले. सामने संपल्यावर त्यांच्या मैत्रीची, खेळाच्या बक्षिसांसाठी मत देतानाच्या पक्षपाताची आणि देवघेवीची पाहणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने ऑलपोर्ट यांच्या अटींचे मर्म उघड केले. मिश्र संघात एकमेकांसाठी धावा काढणाऱ्या तरुणांना दुसऱ्या जातीचे मित्र अधिक मिळाले आणि आपल्याच जातवाल्याला पुढे करण्याची त्यांची ओढ कमी झाली. ज्यांची दुसऱ्या जातीशी गाठ प्रामुख्याने प्रतिस्पर्धी म्हणून पडली, त्यांच्या बाबतीत परिणाम साधारणपणे उलटा होता. त्यांचा दुसऱ्या जातींशी संबंध वाढण्याऐवजी आक्रसला. मैदान तेच आणि गावही तेच असताना एकाच्या मनात मैत्री रुजली व दुसऱ्याच्या मनात दुरावा, आणि दोघांत फरक एवढाच होता की समोरचा माणूस आपल्या बाजूने खेळत होता की विरुद्ध. ‘एकोप्यासाठी क्रीडास्पर्धा’ भरवताना एका मोहल्ल्याचा संघ दुसऱ्या मोहल्ल्याविरुद्ध उतरवणाऱ्या उत्साही मंडळींनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

अशा सहवासाने मनात नेमके काय बदलते? आपला स्वाभाविक अंदाज असा की त्या समाजाविषयीचे अज्ञान दूर होते. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी हाही मुद्दा तपासला, तेव्हा माहितीत पडलेल्या भरीचा वाटा सर्वांत लहान निघाला. मोठा वाटा होता धास्ती कमी होण्याचा आणि समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा. परक्या समाजातील माणसाशी बोलताना आपण काही चुकीचे बोलू का, तो आपल्याला हिणवेल का, त्याच्या घरी काय खावे लागेल, अशी सूक्ष्म भीती मनात असते. ती भीती माणसाला दूर ठेवते, आणि दूर राहिल्याने भीती खोटी ठरण्याची संधीच येत नाही. एकदा एकत्र काम केले, एकत्र चहा प्यायला आणि काही विपरीत घडले नाही, की हे चक्र तुटू लागते. म्हणूनच ‘दुसऱ्या धर्माची ओळख’ करून देणारी भाषणे आणि भित्तिपत्रके यांचा उपयोग आपण समजतो त्याहून फार थोडा होतो. जी मोठमोठी कार्यालये आपल्या कर्मचाऱ्यांना तासा-दोन तासांची प्रशिक्षणे देऊन पूर्वग्रह काढून टाकू पाहतात, त्यांच्या पदरीही फारसे काही पडत नाही. नकळत होणारा पक्षपात अशा छोट्या उपायांनी घटलाच तर तो काही तासांत किंवा दिवसांत पूर्ववत होतो, असे अमेरिकेतील चाचण्यांनी दाखवले आहे.

बोलण्याने काहीच होत नाही असेही नाही. बोलण्याची पद्धत महत्त्वाची. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी मायामी शहरातील एका मोहिमेचा अभ्यास केला. तृतीयपंथी व्यक्तींविषयीची नाराजी कमी व्हावी म्हणून स्वयंसेवक घरोघर जाऊन सुमारे दहा मिनिटे बोलत. ते युक्तिवाद करत नसत, आकडे फेकत नसत, समोरच्याला दोषही देत नसत. ‘तुम्ही इतरांपेक्षा वेगळे आहात म्हणून कोणी तुम्हाला कधी हिणवले आहे का?’ असे विचारून ते त्या माणसाला स्वतःचा अनुभव आठवू देत, तो ऐकून घेत आणि मग त्या अनुभवाचा धागा तृतीयपंथी व्यक्तीच्या रोजच्या जगण्याशी जोडत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदललेली मते किमान तीन महिने टिकून राहिल्याचे आढळले. घरातील वडीलधाऱ्यांशी जातीवरून वाद घालून थकलेल्या तरुणांना मला हे आवर्जून सांगावेसे वाटते: ‘तुम्ही जातीयवादी आहात’ असे म्हटल्यावर माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘आजोबा, तुम्ही पहिल्यांदा मुंबईला आलात तेव्हा चाळीत तुम्हाला कोणी गावंढळ म्हणून हिणवले होते का?’ असे विचारले, तर तेच आजोबा अर्धा तास बोलत राहतील. पुढची वाट त्या बोलण्यातूनच काढावी लागते.

संपर्काच्या या उपायाची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांना सलमा मूसा यांनी फुटबॉलच्या संघांत वाटले; काही संघ पूर्ण ख्रिस्ती, तर काही संघांत मुस्लिम खेळाडूही घेतलेले. मुस्लिमांबरोबर खेळलेले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या वेळीही मिश्र संघात नाव नोंदवायला अधिक राजी होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातील मुस्लिम खेळाडूला मत द्यायला तयार होते, आणि सहा महिन्यांनंतरही त्यांच्याबरोबर सराव करत होते. मैदानाबाहेरच्या, अनोळखी मुस्लिमांविषयीचा त्यांचा व्यवहार मात्र बदलला नाही. हे आपल्या ओळखीचेच आहे. ‘आमचा सलीम तसा नाही हो’ किंवा ‘ती आमच्या ऑफिसातली मुलगी वेगळी आहे’ ही वाक्ये आपण किती वेळा ऐकतो! ओळखीच्या एका माणसाला त्याच्या समाजातून वेगळे काढून आपण मित्र करतो आणि समाजाविषयीचे मत होते तसेच ठेवतो. एकाच मैत्रीवर न थांबता संबंध अनेक माणसांशी आणि अनेक ठिकाणी यावा लागतो, तेव्हाच अपवाद म्हणून बाजूला काढलेल्या माणसांची संख्या इतकी होते की नियमच डळमळू लागतो.

ऑलपोर्ट यांची शेवटची अट, म्हणजे वरून मिळणारे पाठबळ, हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते तिचेच महत्त्व सर्वाधिक आहे. रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहारानंतर समेटाचा संदेश देणारी एक रेडिओ मालिका सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ बेट्सी लेवी पॅलक यांनी वर्षभर तिच्या श्रोत्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या वैयक्तिक श्रद्धांमध्ये फारसा बदल आढळला नाही. समाजात काय चालते, लोकांनी कसे वागणे योग्य मानले जाते, याविषयीची त्यांची समजूत मात्र बदलली, आणि त्याबरोबर वागणेही. माणूस आपल्या मनातल्या मताप्रमाणे जितका वागतो, त्याहून अधिक तो ‘चारचौघांत काय खपते’ याप्रमाणे वागतो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना भर शहरात चहाचे हॉटेल काढून दिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः लवाजम्यासह त्या हॉटेलासमोर थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजू लागले. त्या मंडळींची मने पहिल्याच घोटाला बदलली असतील असे मानण्याचे कारण नाही. तो चहा नाकारणे म्हणजे छत्रपतींच्या उपस्थितीत त्यांचा शब्द नाकारणे होते, आणि एकदा सर्वांनी सर्वांना तो पिताना पाहिल्यावर ‘असे कोणी करत नाही’ हा आधार निघून गेला. १९१९ साली त्यांनी संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट शाळांत एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, तोही याच विचाराने.

भिवंडीचा अनुभव याच्याच पुढचा. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. प्रत्येक समितीत दोन्ही धर्मांचे लोक बरोबरीने घेतले आणि त्यांत प्रतिष्ठितांबरोबर सामान्य रहिवाशांनाही स्थान दिले. दंगल पेटल्यावर शांतता समितीची बैठक बोलावण्याची जुनी रीत सोडून ही माणसे शांततेच्या काळातच नियमित भेटत राहिली. विषय असत नळाचे, भाडेकरूंचे, शेजारच्या भांडणांचे. समान दर्जा, मिळून सोडवायचे प्रश्न आणि पाठीशी पोलीस, अशा सगळ्या अटी येथे एकत्र आल्या होत्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील दंगलींचा जो तौलनिक अभ्यास केला, त्याचाही निष्कर्ष असा की मोठ्या शहरांत सणाला एकमेकांकडे जाणे-येणे तणावाच्या वेळी पुरे पडत नाही. व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचक मंडळे अशा औपचारिक संस्थांमध्ये दोन्ही समाज एकत्र गुंतलेले असतील तर अफवा वाटेतच अडते, कारण खरे-खोटे विचारण्यासाठी पलीकडे ओळखीचा माणूस असतो आणि शहर शांत राहण्यात दोघांचाही रोजगार गुंतलेला असतो.

गोडी वाढली म्हणजे न्याय झाला, असे मात्र समजू नये. तमार सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन गट केले, त्यांपैकी एकाच्या हाती वाटपाचा अधिकार दिला. दोन्ही गटांना आपल्यातील साम्यांविषयीच गप्पा मारायला लावल्यावर त्यांच्यात सलोखा झाला आणि दुबळ्या गटाला वाटू लागले की आता आपल्याला न्याय्य वाटा मिळेल. प्रत्यक्षात अधिकार असलेल्या गटाने पूर्वीइतकाच पक्षपात केला. गोड बोलण्याने दुबळ्यांची सावधगिरी तेवढी कमी झाली. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहभोजनाविषयी हाच इशारा दिला होता. अनेक जातींमध्ये रोटीव्यवहार पूर्वीपासून चालत असूनही त्यांच्यातील जातभावना मेलेली नाही, हे दाखवून त्यांनी बेटीव्यवहार आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या समजुतींचा त्याग यांच्यावर बोट ठेवले. पंगतीत शेजारी बसलेला माणूस हात धुऊन उठतो आणि आपापल्या घरी जातो. सोयरिकीत मालमत्ता, वारसा, मुलाबाळांचे भवितव्य असे सर्वच एकमेकांत गुंतते, आणि तेथे दर्जाची समानता दाखवण्यापुरती ठेवून भागत नाही.

आज महाराष्ट्रातील खासगी शाळांमध्ये शिक्षण हक्क कायद्यानुसार पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेली मुले बसतात. प्रवेश यादीत त्यांची संख्या भरली की शाळेचे काम संपले, असे मानणाऱ्या मुख्याध्यापकांनी पुढचे साधे प्रश्न स्वतःला विचारावेत: या मुलांची हजेरी वेगळ्या पानावर आहे का, त्यांना एकाच तुकडीत टाकले आहे का, सहलीचे पैसे भरता न आल्याने ती त्या दिवशी घरी राहतात का, विज्ञानाच्या प्रकल्पासाठी गट पाडताना ‘आपापले गट करा’ असे सांगितले जाते का? आपापले गट करायला सांगितले की मुले घरून आणलेल्या ओळखीपाळखीप्रमाणेच बसतात. गट शिक्षकांनी पाडावेत, ते वर्षभर बदलत ठेवावेत, आणि काम असे द्यावे की प्रत्येक मुलाकडे असलेल्या माहितीशिवाय ते पुरे होणार नाही. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ साली काळी आणि गोरी मुले प्रथमच एकत्र बसू लागली आणि वर्गावर्गांत मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा एलियट ॲरन्सन यांनी हीच रीत वापरली होती: धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा द्यायचा, त्याने तो इतरांना शिकवायचा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर घ्यायची. ज्याला आदल्या दिवशी सगळे चिडवत होते, त्याचे बोलणे दुसऱ्या दिवशी लक्षपूर्वक ऐकावे लागे, कारण तेवढा भाग इतर कोणालाच ठाऊक नसे.